बंदूक काढून घ्यायची कुणी?

२० ऑक्टोबर २०१२. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी शहराजवळच्या एका मॅकडोनाल्ड्सच्या पार्किंगमध्ये दोन अनोळखी माणसं भेटली. एकाने पाचशे डॉलर रोख मोजले, दुसऱ्याने त्याच्या हातात पिस्तूल ठेवलं. इंटरनेटवरच्या जाहिरातीतून ओळख झालेली, तीही तेवढ्यापुरतीच. फॉर्म भरायचा नव्हता, कुठे सही करायची नव्हती, कुणाला फोन लावून विचारायचं नव्हतं. आपल्याकडे जुनी मोटारसायकल विकायची तरी घेणारा आधी आरसी बुक मागतो. तिथे पिस्तुलासाठी तेवढंही लागलं नाही, आणि विशेष म्हणजे विकणाऱ्याने कुठलाच कायदा मोडला नव्हता.

कायदा मोडला होता तो घेणाऱ्याने. दोनच दिवसांपूर्वी न्यायाधीशाने त्याला चार वर्षं बायकोपासून लांब राहण्याचा आदेश दिला होता, आणि त्या आदेशाबरोबर बंदूक बाळगण्याचा त्याचा हक्क संपला होता. त्या महिन्याच्या सुरुवातीला त्याने बायकोच्या गाडीची चाकं चाकूने फाडली होती. तोंडावर ॲसिड फेकीन, जाळून टाकीन, अशा धमक्या तो देतो, असं तिने कोर्टाला लिहून दिलं होतं. कोर्टाने ते खरं मानलं आणि कागदावर जे करायचं ते सगळं केलं.

पिस्तूल घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. तो ब्रुकफील्डमधल्या अझाना सलून अँड स्पामध्ये शिरला. बायको तिथे कामाला होती. ती आणि आणखी दोघीजणी जागीच गेल्या, चौघी जखमी झाल्या. शेवटी त्याने स्वतःवर गोळी झाडली.

पावणेदोन वर्षांनी, जुलै २०१४ मध्ये, त्या बाईचा भाऊ वॉशिंग्टनला अमेरिकी सिनेटच्या न्यायविषयक समितीसमोर जाऊन बसला. तो स्वतः शिकारीचा शौकीन, बंदुका बाळगणारा, नॅशनल रायफल असोसिएशनचा सभासद. बंदुकांना त्याचा विरोध नव्हता. पण दुकानातून पिस्तूल घ्यायला गेला असता तर जो माणूस चौकशीत अडकला असता, त्याला ते पार्किंगमध्ये बिनचौकशी मिळालं, हे त्याला मान्य नव्हतं. विक्री कुठेही होवो, चौकशी व्हायलाच हवी, एवढंच त्याचं मागणं होतं. आजही अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ही अट फक्त परवानाधारक दुकानदाराला आहे. वीसेक राज्यांनी आपापल्या हद्दीत ती खासगी विक्रीलाही लावली, उरलेल्या राज्यांत ते पार्किंग अजून उघडंच आहे.

ज्या देशात बंदूक बाळगणं हा राज्यघटनेने दिलेला हक्क आहे, तिथेही बायकोला मारहाण करणाऱ्याच्या हातात बंदूक नको हे तत्त्व गेली तीस वर्षं कायद्यात आहे. पक्ष बदलले, राष्ट्राध्यक्ष बदलले, तरी ते टिकलं. बायका तरीही मरत राहिल्या. असं का झालं, हे समजायला कायद्याचं पुस्तक आणि घरातलं कपाट यांच्यामधलं अंतर चालून पाहावं लागतं.

सुरुवात १९६८ ची. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर त्या वर्षी बंदूक नियंत्रण कायदा आला. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना त्याने बंदूकबंदी केली. घरातली मारहाण मात्र या चाळणीतून अलगद निसटत राहिली, कारण ती गंभीर गुन्हा म्हणून क्वचितच नोंदली जाई. पोलीस यायचे, दोघांना समजावून जायचे. भांड्याला भांडं लागणारच, ही समजूत काही फक्त आपल्याकडचीच नाही. प्रकरण कोर्टापर्यंत गेलंच तर वकील तडजोड करायचे, नवरा किरकोळ गुन्हा कबूल करायचा, दंड नाहीतर थोडीशी कैद भोगून घरी यायचा. रायफल भिंतीवर होती तिथेच असायची.

१९९४ मध्ये महिलांवरील हिंसाचाराविरोधातला मोठा कायदा झाला आणि त्याच्याबरोबर पहिली दुरुस्ती आली: कोर्टाने सुनावणी घेऊन ज्याच्याविरुद्ध संरक्षण आदेश काढला आहे, त्याला आदेश चालू असेपर्यंत बंदूक ठेवता येणार नाही. दोन वर्षांनी न्यू जर्सीचे सिनेटर फ्रँक लॉटेनबर्ग यांनी दुसरी दुरुस्ती मंजूर करून घेतली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. घरगुती हिंसेचा किरकोळ गुन्हा जरी सिद्ध झाला तरी बंदूक कायमची बंद, गुन्हा कायद्याच्या आधी घडलेला असला तरीही. सप्टेंबर १९९६ च्या अखेरीस ती अमलात आली.

लॉटेनबर्ग यांच्या दुरुस्तीतली खरी हिंमत वेगळीच आहे. पोलीस आणि सैनिक यांना बंदूकबंदीच्या इतर बहुतेक कलमांतून सरकारी कामापुरती सूट मिळते. संरक्षण आदेशाच्या कलमातही ती आहे. लॉटेनबर्ग यांनी ती ठेवली नाही. बायकोला मारल्याबद्दल दोषी ठरलेल्या हवालदाराला नोकरीचं पिस्तूलही धरता येणार नाही, सैनिकाला रायफल धरता येणार नाही. पोलीस संघटनांनी गदारोळ केला, पुढच्याच वर्षी संसदेत सूट मिळवण्याचे प्रयत्न झाले आणि ते फसले. आपल्यावर असा कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नाही, असं अमेरिकी सैन्यात आजही एका छापील फॉर्मवर सही करून द्यावं लागतं.

नोव्हेंबर १९९८ मध्ये चौकशीची यंत्रणा संगणकावर आली. वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्ग गावी एफबीआयचं मोठं केंद्र आहे. दुकानात माणूस बंदूक घ्यायला आला की आधी त्याच्याकडून एक सरकारी फॉर्म भरून घेतात. त्यात अमली पदार्थांबद्दल, तुरुंगवासाबद्दल विचारलेलं असतं आणि तिथेच हेही विचारलेलं असतं, की घरगुती हिंसेच्या किरकोळ गुन्ह्यात तुम्ही कधी दोषी ठरला आहात का? जोडीदाराला त्रास देऊ नये असा कोर्टाचा आदेश तुमच्यावर आहे का? पुढे हो किंवा नाही. दुकानदार माहिती पाठवतो, बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येतं. तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आलंच नाही, तर केंद्रीय कायद्याप्रमाणे दुकानदार बंदूक देऊ शकतो.

संगणकात जे घातलेलंच नाही, ते तो सांगणार कुठून? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

टेक्सासमधलं सदरलँड स्प्रिंग्ज हे अगदी लहान गाव. ५ नोव्हेंबर २०१७ च्या रविवारी तिथल्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये एक माणूस रायफल घेऊन शिरला. मृतांचा आकडा २६ वर गेला. एका मरण पावलेल्या बाईच्या पोटातलं मूलही त्यात मोजलेलं आहे. मारेकऱ्याची सासू त्या चर्चला जायची, आणि तिला तो धमक्यांचे संदेश पाठवत होता. एकेकाळी तो हवाई दलात होता. पहिल्या बायकोला मारहाण आणि तिच्या तान्ह्या मुलाची कवटी फुटेल इतकी इजा, यासाठी २०१२ मध्ये लष्करी न्यायालयाने त्याला दोषी ठरवून वर्षभराची कैद दिली होती. तो बंदूक घ्यायला जाताच संगणकाने लाल दिवा दाखवायला हवा होता. पण हवाई दलाने त्याच्या शिक्षेची माहिती एफबीआयला कळवलीच नव्हती. तो परवानाधारक दुकानांत गेला, फॉर्म भरला, चौकशीत पास झाला आणि उजळ माथ्याने बंदुका घेऊन बाहेर पडला.

बैल गेला नि झोपा केला म्हणतात, तसं पुढे सगळं झालं. मार्च २०१८ मध्ये केंद्रीय खात्यांनी माहिती वेळेवर पाठवावी यासाठी वेगळा कायदा आला. कुटुंबांनी सरकारवर दावा लावला. २०२१ मध्ये केंद्रीय न्यायाधीश झेवियर रॉड्रिग्ज यांनी हत्याकांडाची साठ टक्के जबाबदारी सरकारवर टाकली. हा माणूस किती हिंसक होऊ शकतो हे हवाई दलाइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं, हा त्यांच्या निकालाचा गाभा होता. दोन वर्षांनी सरकारने १४ कोटी ४५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. खात्यातल्या कुणीतरी दोन कागद वेळेवर पाठवले नव्हते, त्याची ही किंमत.

माहिती पोहोचली म्हणजे काम झालं, असंही नाही. इलिनॉय राज्यातल्या ऑरोरा शहरातल्या एका माणसाला, जुन्या मैत्रिणीला बॅटने मारून वर भोसकल्याबद्दल, १९९५ मध्ये मिसिसिपीत शिक्षा झाली होती. तो गंभीर गुन्हाच होता, तरी २०१४ मध्ये इलिनॉयने त्याला बंदूकमालकाचं ओळखपत्र दिलं आणि त्यावर त्याने पिस्तूल घेतलं. मग ते अंगावर बाळगून फिरता यावं म्हणून त्याने अर्ज केला, बोटांचे ठसे दिले आणि त्या ठशांमुळे जुना गुन्हा उघडकीला आला. ओळखपत्र रद्द झालं, बंदूक जमा करावी असं पत्र गेलं. सरकारच्या लेखी विषय तिथेच मिटला. पत्र गेलं, बंदूक आली नाही आणि ती घ्यायलाही कुणी गेलं नाही. जवळपास पाच वर्षांनी, १५ फेब्रुवारी २०१९ ला, कारखान्यातून काढून टाकत असल्याचं ऐकताच त्याने तेच पिस्तूल काढलं आणि पाच सहकाऱ्यांना ठार केलं.

इथेच घोडं पेंड खातं. केंद्रीय कायदा सांगतो की या माणसाने बंदूक ठेवणं हा गुन्हा आहे. ती त्याच्याकडून कुणी, किती दिवसांत, कुठे जमा करून घ्यायची, याबद्दल तो कायदा एक शब्द काढत नाही. ते राज्यांवर सोडलेलं, राज्यांनी जिल्ह्यांवर सोडलेलं, आणि बऱ्याच ठिकाणी शेवटी ज्याला बंदूकबंदी आहे त्याच्याच प्रामाणिकपणावर. बायकोचं नाक फोडणारा माणूस स्वतःहून चौकीवर जाऊन रायफल जमा करील, हे गृहीत धरणारी व्यवस्था बायकांच्या जिवाशी खेळते.

यात वेळेला फार महत्त्व आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या परिचारिका-संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा शहरांमधली प्रकरणं तपासून २००३ मध्ये निष्कर्ष मांडला: मारहाण करणाऱ्याला बंदूक उपलब्ध असेल तर बाईचा खून होण्याचा धोका साधारण पाचपट वाढतो. घर सोडून निघणं हा काळही अतिशय धोक्याचा, हेही त्याच अभ्यासातून पुढे आलं. कोर्टात अर्ज केलेला असतो, नवऱ्याला नोटीस गेलेली असते, पूर्ण सुनावणी अजून व्हायची असते. केंद्रीय बंदूकबंदी लागते ती सुनावणीनंतरच्या आदेशाला. पहिल्या दिवशी घाईने मिळणारा तात्पुरता एकतर्फी आदेश तिच्यात बसत नाही. बाई जेव्हा सर्वांत असुरक्षित असते, नेमक्या त्याच दोन-तीन आठवड्यांत केंद्रीय कायदा गप्प असतो. काही राज्यांनी ही फट बुजवली आहे, सगळ्यांनी नाही.

बंदुकीचा उपयोग फक्त गोळी झाडण्यासाठी होतो, असं समजणंही चूक आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या सुझन सोरेन्सन यांनी आधीचे अभ्यास एकत्र करून अंदाज काढला, की अमेरिकेतल्या सुमारे ४५ लाख बायकांना जोडीदाराने कधी ना कधी बंदूक दाखवून धमकावलं आहे. जेवणाच्या टेबलावर पिस्तूल ठेवायचं आणि शांतपणे जेवायचं. रात्री पलंगावर बसून ते पुसत राहायचं. अंगावर वळ उठत नाही, पोलिसांना दाखवायला काही नसतं. बाईने दार उघडून बाहेर पडायचा विचार मात्र सोडून दिलेला असतो.

पोलिसांनी तरी आदेश पाळलाच पाहिजे ना? या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलं. कोलोरॅडोतल्या कॅसल रॉक गावी जून १९९९ मध्ये एका बापाने कोर्टाचा आदेश मोडून आपल्या तीन मुलींना नेलं. आई संध्याकाळपासून पोलिसांना फोन करत राहिली, मध्यरात्रीनंतर स्वतः चौकीत गेली. थोडं थांबा, येईल तो, असंच तिला सांगितलं गेलं. पहाटे तो माणूस चौकीसमोर गाडीतून उतरला आणि त्याने गोळीबार सुरू केला. त्याच संध्याकाळी घेतलेलं पिस्तूल त्याच्या हातात होतं. पोलिसांच्या गोळ्यांनी तो मेला. गाडीत तिन्ही मुलींचे मृतदेह सापडले. आईने गावावर दावा लावला. न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मतांनी तो फेटाळला: संरक्षण आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याचा हक्क राज्यघटना तिला देत नाही. २०११ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने अमेरिकेने तिच्या हक्कांचं उल्लंघन केल्याचा निष्कर्ष दिला, पण तो निष्कर्ष अमेरिकेतल्या कोर्टांवर बंधनकारक नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालाइतका थंड निकाल शोधून सापडणं कठीण आहे.

बंदूकबंदीच्या बाबतीत मात्र तेच न्यायालय बरीच वर्षं बायकांच्या बाजूने ठाम राहिलं. त्या खटल्यांतले तपशील वाचताना वेगळंच अमेरिकी घर दिसतं. टेनेसीच्या जेम्स कॅसलमन खटल्यात, २०१४ मध्ये, प्रश्न होता की कायद्यातलं शारीरिक बळ म्हणायचं कशाला. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी लिहिलं की घरगुती हिंसा नेहमी हाडं मोडणारी नसते. निळा डाग उठेल इतका दंड आवळणं हीदेखील तीच गोष्ट, आणि असे डाग साठत साठतच एक माणूस दुसऱ्याला ताब्यात ठेवतो. मेन राज्यातला स्टीफन व्हॉयसिन सापडला तो गरुडामुळे. संरक्षित पक्ष्याची शिकार झाल्याच्या तपासात त्याच्याकडे रायफल मिळाली, आणि मैत्रिणीला मारल्याबद्दलची २००४ मधली शिक्षा बाहेर आली. बेपर्वाईने केलेली इजा कायद्यात धरायची का, हा त्याच्या खटल्यातला वाद. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी साधं उदाहरण घेतलं. साबण लागलेल्या हातातून ताट निसटलं आणि बायकोला लागलं, तर तो अपघात. रागाच्या भरात ताट भिंतीवर फेकलं आणि काच उडून तिला लागली, तर तो अपघात नव्हे. ज्या घरात अशी ताटं फुटलेली आहेत, तिथल्या कुणालाही हा फरक वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

याच खटल्याच्या सुनावणीत, २९ फेब्रुवारी २०१६ ला, न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी दहा वर्षांत प्रथमच वकिलांना प्रश्न विचारला. किरकोळ गुन्ह्यासाठी घटनेने दिलेला हक्क कायमचा काढून घेतात, असं दुसरं एखादं उदाहरण आहे का? प्रश्न बिनतोड वाटतो. पण गुन्हा किरकोळ का ठरला, हे तो विचारत नाही. तो किरकोळ ठरला, कारण मार खाणारी बायको होती.

सहा वर्षांनी, जून २०२२ मध्ये, थॉमस यांनीच ब्रुएन खटल्याचा निकाल लिहिला. बंदुकीवर कोणतंही बंधन घालायचं तर त्याला अमेरिकेच्या इतिहासात आधार सापडला पाहिजे, ही नवी कसोटी त्यात होती. मग टेक्सासमधल्या झॅकी रहिमीच्या वकिलांनी प्रश्न केला: राज्यघटनेत हा हक्क आला त्या १७९१ च्या काळात नवऱ्याची बंदूक काढून घेणारा कायदा कुठे होता?

कुठून असणार? तेव्हा बायकांना मत नव्हतं, विवाहित बाईच्या नावावर सहसा मालमत्ताही नसे. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६४१ मध्येच नवऱ्याने बायकोला मारायला मनाई केली होती, पण नॉर्थ कॅरोलायनाचं न्यायालय १८६८ मध्येही किरकोळ मारासाठी घराच्या कारभारात ढवळाढवळ करायला तयार नव्हतं. बायकांना ज्या काळी कायद्याने वाऱ्यावर सोडलं होतं, त्याच काळाचा हवाला देऊन आजच्या बायकांचं संरक्षण काढून घ्यायचं, असा हा युक्तिवाद होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाचव्या विभागीय अपील न्यायालयाने तो मानला आणि १९९४ चं कलम घटनाबाह्य ठरवलं.

रहिमीची हकिगतही एका पार्किंगमध्येच सुरू होते. डिसेंबर २०१९, टेक्सासमधलं आर्लिंग्टन. त्याच्या मुलाची आई असलेली मैत्रीण जेवताना वाद झाल्यावर उठून निघाली. त्याने मनगट धरून तिला ओढत गाडीकडे आणलं आणि आत ढकललं. तिचं डोकं डॅशबोर्डवर आपटलं. कुणीतरी बघतंय हे लक्षात येताच तो सीटखालची बंदूक काढायला थांबला. तेवढ्यात ती निसटली, आणि ती पळत असताना त्याने गोळी झाडली. नंतर फोन करून तक्रार केलीस तर गोळी घालीन म्हणाला. तिने तक्रार केली. ५ फेब्रुवारी २०२० ला कोर्टाचा आदेश निघाला, बंदुकीचा परवाना स्थगित झाला.

बंदुका राहिल्या त्याच्याचकडे. पुढच्या हिवाळ्यात पोलिसांना पाच गोळीबारांत त्याचं नाव सापडलं. एकदा गाडीला गाडी घासली म्हणून, एकदा ट्रकवाल्याने दिवा मारला म्हणून, एकदा बर्गरच्या दुकानात मित्राचं क्रेडिट कार्ड चाललं नाही म्हणून. घराची झडती घेतली तेव्हा पिस्तूल मिळालं, रायफल मिळाली, काडतुसं मिळाली आणि त्याच खोलीत कोर्टाच्या त्या आदेशाची प्रतही मिळाली. त्याच्यावर काय बंधन आहे, हे सांगणारा कागद बंदुकांबरोबरच सापडला होता.

२१ जून २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी अपील न्यायालयाला उलटवलं. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी इतिहासातलाच आधार दिला: जुन्या काळी धोकादायक माणसाकडून शांतता राखण्याचा जामीन घेत, आणि बायको नवऱ्याविरुद्धही तो मागू शकत असे. शस्त्र घेऊन लोकांवर दहशत बसवणाऱ्याचं शस्त्रही काढून घेत. आजचा कायदा हुबेहूब जुन्यासारखा असायला नको, तत्त्व तेच असलं की पुरे. विरोधात एकटे थॉमस होते. निकाल योग्य आहे, यात शंका नाही. पण इतकी साधी गोष्ट मान्य करून घ्यायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि निकाल लागेपर्यंतचे सोळा महिने टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपीतल्या बायकांना हे कलम रद्द ठरलेलं असताना काढावे लागले.

जिथे मन लावून काम झालं, तिथे ते जमलंही आहे. कॅलिफोर्नियात आदेश हातात पडल्यापासून २४ तासांत बंदूक पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्यावी लागते आणि ४८ तासांत तिची पावती कोर्टात भरावी लागते. सिअ‍ॅटल शहर ज्यात येतं त्या किंग काउंटीने २०१८ पासून पोलीस, सरकारी वकील आणि पीडितांचे मदतनीस यांचं एक खास पथक चालवलं आहे. अर्ज करणाऱ्या बाईला बसवून ते नीट विचारतात: बंदुका किती, कोणत्या, कुठे ठेवतो? तिला हे सगळं माहीत असतं. आजवर तिला ते कुणी विचारलेलं नसतं. इलिनॉयमध्ये, शिकागोत एक आई आणि तिची पंधरा वर्षांची मुलगी मारल्या गेल्यानंतर, फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या कायद्यावर सही झाली. आदेशात बंदूक काढून घेण्याची तरतूद असेल तर पोलिसांनी ९६ तासांच्या आत ती घेतलीच पाहिजे. जबाबदारी आता नवऱ्याच्या प्रामाणिकपणावर नाही, गणवेशातल्या माणसावर आहे.

केंद्रातही एक पाऊल पुढे पडलं. लग्न न केलेल्या, एकत्र न राहणाऱ्या, मूल नसलेल्या जोडप्यांतला पुरुष अनेक वर्षं लॉटेनबर्ग यांच्या कायद्यातून सुटत होता. टेक्सासमधल्या उवाल्डीच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर जून २०२२ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून ही वाट बरीचशी बंद केली. पण पहिल्या गुन्ह्यापुरती बंदी पाच वर्षांचीच राहिली. त्यानंतर वारे फिरल्याच्या खुणाही दिसल्या. २०११ मध्ये जुन्या मैत्रिणीला मारल्याच्या प्रकरणात दोषी ठरलेला अभिनेता मेल गिब्सन याचा बंदुकीचा हक्क एप्रिल २०२५ मध्ये न्याय विभागाने परत दिला. त्याआधी, ही शिफारस करायला नकार दिल्यानंतर आपल्याला काढलं गेलं, असं माफी विभागाच्या वकील एलिझाबेथ ओयर यांनी जाहीरपणे सांगितलं. न्याय विभागाने तो संबंध नाकारला.

हे सगळं महाराष्ट्रातल्या वाचकाला फार लांबचं वाटेल. पण न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात कितीतरी मराठी घरांतल्या लेकी नांदताहेत. तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या माणसाला तिथे सहसा बंदूक बाळगता येत नाही, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत. ग्रीन कार्ड हातात आलं की दुकानाचं दार उघडं होतं. दक्षिण आशियाई बायकांसाठी न्यू जर्सीत १९८५ मध्ये 'मानवी' ही संस्था सुरू झाली ती उगाच नाही. चार भिंतींच्या आतलं दुखणं विमानात बसून तिकडेही जातं.

आणि आपला कायदा? २००५ च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंध कायद्याखालच्या नियमांत हिंसेत वापरलेलं हत्यार जप्त करण्याबाबत पावलं उचलणं हे संरक्षण अधिकाऱ्याच्या कामांत लिहिलेलं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या सतराव्या कलमाखाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी शस्त्र परवाना स्थगित किंवा रद्द करता येतो. शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी हे परवाना देणारे अधिकारी असतात, आणि त्यांच्याकडे लेखी तक्रार कुणालाही करता येते. कोर्टात अर्ज करताना नवऱ्याच्या नावावर परवाना आहे, हे बाईने आणि तिच्या वकिलाने पहिल्याच पानावर लिहावं. पुढची तारीख पडेपर्यंत थांबू नये.

अमेरिकेत मेरीलँड राज्यात मारहाणीच्या तक्रारीवर गेलेल्या पोलिसाच्या खिशात अकरा प्रश्नांचं एक कार्ड असतं. त्याच्याकडे बंदूक आहे का, किंवा त्याला ती सहज मिळू शकते का, हा त्यातला एक प्रश्न. मैत्रीण, भाची, शेजारीण रात्री फोन करून काही सांगू लागली, तर वाचकांनी तिचं सगळं ऐकून घ्यावं आणि मग हा प्रश्न नक्की विचारावा. तिचं उत्तर हो असेल, तर त्याच रात्री तिने कुठे झोपायचं हे ठरवावं. भारतात ११२ किंवा १८१, अमेरिकेत १-८००-७९९-७२३३ हे क्रमांक जवळ असू द्यावेत.